तेलात बुडालेलं इंजिन

उकंडराव मिस्त्री दारात येऊन उभा राहिला तेव्हा पंजाबराव बशीतून चहा ओढत होता, आणि त्याला वाटलं, हे कोणी शाळामास्तर आलेत. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हात तर असे स्वच्छ की आत्ताच जेवायला बसणार!

गुलाबरावांनी मान वर केली आणि पहिलाच सवाल टाकला.

"मिस्त्री, काम बंद करून किती दिवस झाले?"

मिस्त्री तर दचकलाच, पण पंजाबराव त्याच्याहून जास्त दचकला. "तुम्ही याईले ओळखता?"

"नाही बे. नखं पाह्य त्याईची. तळहात निघाले धुऊन, पण नखांच्या कडेले अजून काळं हाय. गाडीचं तेल तळहातावरून आठवड्यात जाते, नखातून महिना निघत नाही. म्हणजे दहा-बारा दिवस झाले असतील."

"अकरा," मिस्त्री म्हणाला आणि आत येऊन बसला.

गुलाबराव म्हणजे असा माणूस! आधी ते विमा कंपनीत होते. जिनिंगमधला कापूस आपोआप पेटला की कोणी पेटवला, हे राख हुंगून सांगायचे. मग नोकरी सोडली आणि चिखलीत पाटी लावली, 'खाजगी तपास'. सन त्रेसष्ट, जिल्ह्यात अशी पाटी दुसरी नव्हती. आणि पंजाबराव? त्याच्याकडे मोटारसायकल होती, आणि गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा पक्का समज होता. झालं, जोडी जमली.

उकंडराव मिस्त्रीची हकिकत अशी होती. देऊळगाव राजाला त्याचं गाड्यांचं शेड. दुसरबीडच्या भगवानरावांची एक जुनी काळी विलायती मोटार होती, धूर ओकायची, चढावर रडायची. मिस्त्रीनं तिचं इंजिन सगळं उतरवलं, ब्लॉक अकोल्याला नेऊन सिलिंडर बोर करून आणले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं घातली. महिनाभर खपला आणि स्वतः गाडी चालवत दुसरबीडला पोचती केली.

"अठरा दिवस चालली, साहेब. एकोणिसाव्या दिवशी रस्त्यातच जाम झाली. हँडल मारलं तर हालेना. दुसऱ्याच दिवशी भगवानराव देऊळगावच्या बाजारात उभे राहून ओरडले, उकंड्यानं जुनंच सामान रंग मारून घातलं, चोर हाय! त्या दिवशीच माह्या शेडमधून चार गाड्या लोकं ओढून घेऊन गेले. तीस वर्षं झाली मले या धंद्यात. चोर कोणी म्हटलं नव्हतं."

"आणि इंजिन उघडून पाह्यलं का कोणी?"

"रविवारी उघडून राह्यले. कडूबा उघडणार हाय, पंचासमोर. दुसरबीडचा पंपमिस्त्री. जुने पिस्टन हायेत हे सगळ्यात आधी त्यानंच सांगतलं, न पाहता! उघडणारा तो, आणि पाहणाऱ्याईले पिस्टन कोणता न् बादली कोणती हे ठाऊक नाही. खोटा ठरलो तर साहेब, मी पान्याले पुन्हा हात लावणार नाही."

गुलाबरावांनी पुढचा सवाल टाकला. "गाडी देतांना काय सांगतलं होतं तुम्ही?"

"जे सगळ्याईले सांगतो तेच. पहिले पाचशे मैल तीसच्या वर नेऊ नका, ओझं भरू नका, दुसरी गाडी ओढू नका. पाचशे झाले की सगळं तेल काढून नवं घाला, हेड पुन्हा कसून घ्या. रोज तेलपाणी करा. लोकाईले आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून मी म्हणत असतो, इंजिन आता बाळंतीण हाय, सव्वा महिना जपा. आणि जुनं सामान पोत्यात बांधून परत देल्लं. मालकानं ते मागूनच घ्यावं. जो मिस्त्री जुनं सामान दाखवत नाही, त्यानं ते बदललंच नाही समजा!"

पंजाबरावला हे इतकं आवडलं की त्यानं मनात दोनदा घोकून ठेवलं.

शनिवारी दुपारी दोघं मोटारसायकलवरून दुसरबीडला पोचले. भगवानरावांचा मिरची-वांग्यांचा मोठा मळा, जालन्याच्या बाजाराला माल जायचा. माणूस उंच, आवाज त्याहून उंच.

"तपास कशाचा करता? उद्या उघडलं की पाहा! मी गाडी तीसच्या वर नेली असंल तर माही मिशी उतरवा. भाकरीचं गाठोडं सोडून काही भरलं नाही गाडीत. पाचशे मैलही झाले नाहीत!"

"तेलपाणी कोण पाहे?"

"शालिग्राम. माहा डायवर. आणि तो उकंड्या कसा, या ओट्यावर उभं राहून सगळ्या घरादारासमोर भाषण देऊन गेला. बोनेट उघडलं, टोपण काढलं, इथून तेल जाते म्हणे, बाळंतीण हाय म्हणे. नाटक्या!"

शालिग्राम उंद्रीचा. सडपातळ, पंचविशीचा, गोठ्याजवळ गाडीच्या काचा पुसत उभा होता. चालत नसलेल्या गाडीच्या काचा! पंजाबरावला त्याची दया आली.

"मीच पाहो तेलाची पट्टी," तो म्हणाला. "रोज सकाळी आठले आलो की पहिलं काम तेच. अन् काय सांगू साहेब, काय इंजिन होतं ते! अठरा दिवसांत तेल कमीच नाही झालं. मले एक थेंब घालावा लागला नाही. पट्टीवर खुणेच्या वरच राहे, शेवटी तर चांगलं दोन बोटं वर. मी म्हटलं, वा रे मिस्त्री, असं इंजिन बांधलं की तेल पीतच नाही!"

"आणि आवाज, वास, काही?"

शालिग्राम लाजला. "हसू नका पण. शेवटच्या आठ दिवसांत गाडी चालवतांना भूक लागे. मायच्या हातच्या चटणीची आठवण ये. मले वाटलं, घरून येऊन लई दिवस झाले म्हणून."

पंजाबराव खो खो हसला. गुलाबराव हसले नाहीत.

त्यांनी बोनेट उघडायला लावलं. बोनेटवर बाहेरून गुरवानं काढलेलं शेंदराचं स्वस्तिक होतं, वाळून फिकं पडलेलं. आत इंजिन हिरव्या रंगात चमकत होतं. गुलाबरावांनी पट्टी ओढली. खरंच, तेल खुणेच्या दोन बोटं वर. त्यांनी ते चिमटीत घेऊन ताणलं तर बारीक तार निघाली, काकवीसारखी.

मग तेलाच्या टोपणाकडे वाकून पाहिलं. टोपणाच्या खाचेत पिवळं भरलेलं, त्यावर लाल, त्यावर परत पिवळं, परत लाल. खाली लोखंडावर एक तपकिरी ओघळ. गुलाबरावांनी तो नखानं उचकटला तर दुधावरच्या सायीसारखा सुटून आला, आणि बोट कोरडंच!

"जुना रंग असंल," पंजाबराव म्हणाला.

"असंल," गुलाबराव म्हणाले. आणि ती साय कागदात घडी करून खिशात टाकली.

जुन्या सामानाचं पोतं कोठीत पडलं होतं, मिस्त्रीनं बांधलेली गाठ तशीच. त्याला कोणी हातही लावला नव्हता. गुलाबरावांनी ते उद्या ओट्यावर आणून ठेवायला सांगितलं.

ओट्यावर भगवानरावांची आई, वच्छलाबाई, लसूण सोलत होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, जीभ धारदार.

"या बसा. गाडीचे डाक्टर का तुम्ही? त्या गाडीपायी घरात कोणाले सुख नाही. माहा लेक तिच्याशी जितका बोलते तितका बायकोशी बोलत नाही. मी तर सुनेले म्हणतो, अन्नपूर्णे, सवत आणली बाई तुह्या नवऱ्यानं!"

आतून हसण्याचा आवाज आला आणि अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या. चाळिशीच्या, ठसठशीत कुंकू, हात कामानं घट्टे पडलेले. पण डोळे सुजलेले होते, हे पंजाबरावच्याही लक्षात आलं.

"सवत कशाची, आत्याबाई," त्या हळूच म्हणाल्या. "मुकं यंत्र हाय ते."

"पाहा, अशी हाय ही!" वच्छलाबाईंना कौतुक आवरेना. "गावात कोणाचंही बाळंतपण असो, तेलपाणी हिच्याच हातचं पाहिजे. पहाटे उठून बाळंतिणीचं आंग रगडून येते. आमच्या वावरातल्या जवसाचं तेल, घाण्यावर काढलेलं. हिच्या हातची बाई आठ दिवसांत उभी होते!"

गुलाबरावांनी चहाची बशी खाली ठेवली. पुढे त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

मुक्कामाला देवळाच्या धर्मशाळेत जाताना पंजाबराव म्हणाला, "मी सांगतो कोण ते. कडूबा! त्यानं रेती टाकली इंजिनात. म्हणूनच तर न पाहता बोलला."

"रेतीनं भूक लागते का बे, पंजाब?"

आता याचा अर्थ काय! पंजाबराव रस्ताभर डोकं खाजवत राहिला.

रविवारी दहाला भगवानरावांच्या अंगणात अर्धं दुसरबीड जमलं. पंच पुढे सतरंजीवर. उकंडराव मिस्त्री एका कोपऱ्यात, त्याच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. कडूबा पाने मांडून तयार, बुटका, बोलका, बाह्या वर.

"तुम्ही आधीच कसं सांगतलं बापा, की पिस्टन जुने हायेत?" गुलाबरावांनी विचारलं.

"त्यात काय! नवं इंजिन अठरा दिवसांत जाम होते का? मंग जुनंच असंल. हिसाब हाय तो." कडूबा जरा खाली पाहत म्हणाला, "अन् खरं सांगू, भगवानराव गाडी माह्याकडे आणत नाहीत याचा राग होता."

लोक हसले. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरलं. गुलाबराव म्हणाले, "कडूबा, पिस्टनच्या डोक्यावर आकडा हाय. मोठ्यानं वाचा."

"चाळीस."

"आता पोतं सोडा. त्यातल्या जुन्या पिस्टनवर?"

"वीस. वीस. वीस... चारीवर वीस."

"ऐका पंचहो. सिलिंडर झिजला की तो घासून मोठा करते, मग पिस्टनही मोठा लागते. आकडा त्याच्यासाठी असते. वीसचा पिस्टन चाळीसच्या सिलिंडरात कोणाच्या बापाच्यानं बसत नाही, खडखड वाजंल. जुने चार पोत्यात हायेत, नवे चार आत. म्हणजे सामान बदललं. चोरी नाही."

आणि मग कडूबानं जे केलं ते पंजाबराव जन्मभर सांगत फिरला. कडूबानं सिलिंडरात बोट घातलं आणि गोल फिरवलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात. चौथ्यात तर तो बोट काढायलाच तयार नाही! शेवटी कोपऱ्याकडे वळून म्हणाला, "उकंडराव, असं काम माह्याच्यानं होत नाही. कुठं म्हणून ओरखडा नाही. मी न पाहता बोललो. मले माफ करा."

मिस्त्रीनं कोपऱ्यातूनच हात जोडले.

"मंग जाम कशी झाली?" भगवानराव गरजले. "बसवतांनाच घोळ केला असंल!"

"खालची तेलाची टाकी उतरवा," गुलाबराव म्हणाले.

टाकी उतरली, आणि पुढचे लोक नाकाला पदर-उपरणं लावायच्या ऐवजी वास घ्यायला लागले. तळणाचा वास! टाकीत तेल काठोकाठ, पण पातळ नाही, घट्ट डिंकासारखं. ज्या जाळीतून तेल वर ओढलं जातं, त्या जाळीवर जाड तपकिरी साय धरलेली.

"हे पाहा. तेल गरजेपेक्षा जास्त, पण जाळी बंद. वर एक थेंब चढला नाही, बेअरिंगं कोरडी पडून जळाली. तेलात बुडालेलं इंजिन तेलावाचून जाम झालं! आता मले सांगा, गाडीचं तेल कधी वाळते का? फडक्यावर सांडलं तर वर्षानंही ओलंच राहते. वाळून साय कोणतं तेल धरते?" त्यांनी खिशातला कागद उघडून ती साय दाखवली.

सुतारांच्या घोळक्यातून कोणीतरी ओरडला, "जवसाचं! आम्ही चौकटीले लावतो ना!"

"हाव. जवसाचं. शालिग्रामले गाडीत चटणीची आठवण ये, ते या जवसाच्या वासानं. आणि नव्यानं बांधलेलं इंजिन सुरुवातीले थोडं तरी तेल खाते, रिंगा बसेपर्यंत. अठरा दिवस पट्टी खाली आली नाही, उलट वर चढली, म्हणजे इंजिन चांगलं म्हणून नाही. कोणी रोज भरत होतं म्हणून."

भगवानराव शालिग्रामकडे वळले, हात उगारलाच. "तू!"

"थांबा!" गुलाबरावांचा आवाज पंजाबरावनं पहिल्यांदाच इतका चढलेला ऐकला. "त्याच्या मनात पाप असतं तर तेल वर चढत होतं हे तो मले सांगता का? कडूबाही नाही, तो या अंगणात आजच आला. ज्यानं टाकलं त्याच्या मनात वैर नव्हतं. माया होती. त्या माणसानं पुढं यावं असं माहं म्हणणं नाही. मिस्त्रीचं नाव साफ झालं, माहं काम झालं."

मग दारातली गर्दी बाजूला झाली आणि अन्नपूर्णाबाई ओट्यावरून खाली उतरल्या. अंगणात इतके पुरुष, पण त्या सरळ उकंडराव मिस्त्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी टाकलं, दादा. रोज पहाटे अर्धी वाटी. तुम्ही म्हटलं बाळंतीण हाय, तेलपाणी करा. टोपणही तुम्हीच दाखवलं. आमच्यात तेलपाणी म्हणजे तेच. गाडी बंद पडली तेव्हापासून मनात ये, माह्यानं तर नसंल झालं? पण हे असे तापलेले... बोलली नाही मी. इतके दिवस तुम्ही चोर म्हणून घेतलं, माह्या गप्प बसण्यानं."

वच्छलाबाई गुलाबरावांकडे पाहून म्हणाल्या, "अन् तुम्हाले कसं कळलं रे बापा?"

"माय, आधी तर मले तुमचाच संशय होता," गुलाबराव म्हणाले, आणि म्हातारीसकट सगळे हसले. "पण टोपणाच्या खाचेत हळद होती आणि हळदीवर कुंकू, थरावर थर. पुरुष लावंल तर शेंदूर लावंल, बोनेटवर लावंल, एकदा लावंल. रोज आधी हळद न् मग कुंकू, ते सवाष्णीचं बोट. तुम्ही तर हळदी-कुंकवाले हात लावत नाही. मग तुम्हीच सांगतलं, गावातल्या बाळंतिणींचं तेलपाणी कोण करते ते. पाण्याची गोष्ट मिस्त्रीसाठी रेडिएटरची होती, तेलाची पट्टीची. शब्द एकच, कान दोन."

"चूक माही हाय," उकंडराव मिस्त्री पहिल्यांदाच बोलला. "तीस वर्षं मी ते बाळंतिणीचं बोलतो न् लोकं हसतात. ते खरं मानून पहाटे उठणारं माणूस मले पहिल्यांदा भेटलं. वहिनी, माह्या इंजिनाची एवढी काळजी कोणीच केली नाही हो." आणि तो खाली बसून बेअरिंग पाहायला लागला. "क्रँकचा दांडा थोडा घासावा लागंल. बेअरिंगं गेली. बाकी इंजिन जिवंत हाय."

"मंग इथंच करून टाका," भगवानराव खालच्या आवाजात म्हणाले.

"नाही." हे अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तुम्ही बाजारात बोलले होते ना? मंग गाडी बाजारातूनच जाईल. मी बसतो आत."

देऊळगावच्या पुढच्या बाजाराच्या दिवशी पंजाबराव मुद्दाम गेला. भर अकराची वेळ, पालं लागलेली, बालाजीच्या देवळाच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. आणि त्या गर्दीतून दोन बैलजोड्या काळी मोटार ओढत आल्या. आदल्या दिवशी सकाळी निघाल्या होत्या म्हणे. शालिग्राम स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर अन्नपूर्णाबाई ताठ बसलेल्या, आणि पुढच्या बैलांचा कासरा धरून, पायी, धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेले भगवानराव.

दर दहा पावलांवर कोणी ना कोणी विचारायचं, "काय झालं हो, भगवानराव?"

आणि दर दहा पावलांवर तो उंच आवाजाचा माणूस थांबून, टोपी काढून सांगायचा, "उकंडराव मिस्त्रीकडे चाललो. मी त्याले चोर म्हटलं होतं याच बाजारात. खोटं बोललो होतो. काम त्याचं चोख होतं."

मिरचीवाल्यांना सांगितलं. कापडवाल्यांना सांगितलं. एक बहिरा म्हातारा होता, त्याला दोनदा सांगितलं. शेडपाशी पोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला होता, आणि अर्धा बाजार मागे मागे चालत आला होता.

उकंडराव मिस्त्री बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे. भगवानरावांनी परत टोपी काढली. मिस्त्रीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे, त्यांच्या तोंडाला आलेल्या फेसाकडे.

"आधी बैलाईले पाणी दाखवा," तो म्हणाला. "मंग बसू."